नागपूरच्या सुईवरचं सूत



दिवाळीचे आकाशकंदील उतरले, सकाळी अंगणात उभं राहिलं की अंगावर काटा यायला लागला, की महाल-इतवारीच्या गल्ल्यांमधल्या लोकरीच्या दुकानांत उभं राहायला जागा मिळत नाही. मीही परवा अशाच एका छोट्या दुकानात गेले होते. भिंतभर फळ्या, फळ्यांवर रंगांप्रमाणे रचलेले गुंडे, काउंटरखाली सुयांची खोकी. माझ्यापुढे एक ताई होत्या. सुनेची बाळंतपणाची तारीख एप्रिलची. बाळंतविड्यासाठी त्यांना पांढरी आणि फिकट गुलाबी लोकर हवी होती. दुकानदार म्हणाले, "ताई, बाळ एप्रिलमध्ये येणार नं? मग लोकरीचं टोपडं त्याला घालणार कधी? हे पाहा, सुताचे गुंडे आलेत." आणि त्यांनी चार रंगांचे सुती गुंडे समोर ठेवले. ताईंनी एक गुंडा उचलला, दाबला, गालाला लावून पाहिला. मग म्हणाल्या, "पण सुताचं टोपडं कोणी विणतं का?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला आज द्यायचं आहे. विणतं. आणि नागपुरात तर विणलंच पाहिजे.

आपल्या गावाच्या हवेचा हिशेब बघा. थंडी आपल्याकडे कडाक्याची पडते, यात वाद नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा साडेतीन अंशांपर्यंत उतरला होता, ते पुष्कळांना आठवत असेल. पण ही थंडी राहते किती दिवस? संक्रांत उलटली की स्वेटर कपाटात जातो आणि होळीनंतर घरोघरी कूलरची गवताची पॅडं बदलायला लागतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. म्हणजे दोन-अडीच महिन्यांसाठी आपण लोकर विणतो आणि उरलेले नऊ-दहा महिने सुया पेटीत पडून राहतात. ज्या हातांना विणल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी नऊ महिने करायचं काय?

विणकाम म्हणजे लोकर, हे आपल्या मनात घट्ट बसण्याला कारण आहे. शाळेच्या शिवणकामाच्या तासाला मुली सुलट आणि उलट टाका शिकल्या, तो लोकरीवर. १९६२ साली चीनचं युद्ध झालं, तेव्हा देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, मोजे विणून पाठवले. आमच्या घरी आजी ही आठवण सांगायची तेव्हा तिची बोटं आपोआप हलायला लागायची. त्या पिढीला लोकर महाग होती. लहान झालेला स्वेटर उसवायचा, धागा लडी करून धुवायचा, लडीला खाली वजन बांधून टांगायचा, म्हणजे त्यातले नागमोडी वळसे सरळ होतात. मग एकाने दोन्ही हातांवर लडी ताणून बसायचं आणि दुसऱ्याने गुंडा गुंडाळायचा. लडी धरणाऱ्याने हात डावी-उजवीकडे हलवत राहायचं, म्हणजे धागा अडकत नाही. ते काम माझं असायचं. एकच लोकर तीन भावंडांच्या अंगावर तीन वेळा नवी होऊन यायची.

आता बाजारात तयार स्वेटर मुबलक आहेत. दर हिवाळ्यात शहरात तिबेटी बंधुभगिनींची स्वेटरची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात स्वेटर विकणं हा अशा वसाहतींमधल्या कितीतरी कुटुंबांचा पोटापाण्याचा व्यवसाय. तो माल बहुतांशी लुधियानाच्या यंत्रांवर विणलेला असतो. ऊब हवी असेल तर ती अशी सहज विकत मिळते. हाताने विणायचं, तर जे विकत मिळत नाही ते विणावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि सूत! अहो, नागपूरला सुताचं अप्रूप कशाला असावं? आपण कापसाच्या काळ्या मातीवर राहतो. वऱ्हाडचा कापूस एकेकाळी लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' या नावाने ओळखला जायचा, ते नाव आपल्या उमरावतीचं, म्हणजे अमरावतीचं. जमशेटजी टाटांनी आपली मोठी कापड गिरणी मुंबईत न काढता नागपुरात काढली, कारण कापूस इथे दाराशी होता आणि रेल्वे येऊन पोचली होती. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल. गिरणीचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे असे श्रोते आजही हे भाषण ऐकत असतील. आता त्या जागेवर मॉल उभा आहे. वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून इथेच आहे, आणि आपला भाजीबाजारसुद्धा 'कॉटन मार्केट' हेच नाव मिरवतो. इतकं सगळं सूत भोवती असून आपल्या सुईवर ते आलं नाही, याला एक साधं कारण होतं. गिरणीचं सूत कापड विणण्यासाठी काढलेलं असतं, बारीक आणि कडक पिळाचं. हातविणीला हवा असतो जाडसर, सैल पिळाचा, अनेक पदर एकत्र वळलेला धागा. तसा सुती धागा रंगीबेरंगी गुंड्यांमध्ये सहज मिळायला लागला, तो अलीकडे.

दुकानात आता काय काय दिसतं? चार पदरी आणि आठ पदरी सूत आहे. मर्सराइज्ड सूत आहे, त्याला रेशमासारखी चमक असते. मर्सर नावाच्या इंग्रज माणसाने १८४४ मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याचा प्रयोग केला, त्याचं नाव या प्रक्रियेला मिळालं. धागा ताणून धरून ही प्रक्रिया केली की तो चमकतो, बळकट होतो आणि रंगही जास्त धरतो. तोरणासाठी, रुखवतातल्या वस्तूंसाठी हे सूत उत्तम. बांबूचा धागा आहे, अंगाला थंड लागतो आणि छान झुलतो, पण वजनाला जड. होजिअरीच्या कापडाच्या पट्ट्यांचा जाड 'टी-शर्ट यार्न' आहे, त्याच्या पिशव्या आणि टोपल्या सुरेख होतात. मखमली धागा मुलांना फार आवडतो. तो पॉलिएस्टरचा असतो आणि त्यात टाके दिसत नाहीत, बोटांनी चाचपून मोजावे लागतात. नवशिक्या मैत्रिणींनी त्याच्या वाटेला एवढ्यात जाऊ नये.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगते. आपण सगळ्यालाच 'लोकर' म्हणतो, पण दुकानातला बराचसा माल अ‍ॅक्रिलिक असतो, म्हणजे मेंढीशी त्याचा संबंध नसतो. अ‍ॅक्रिलिक वाईट नाही. धुवायला सोपं, किमतीला परवडणारं. पण काय घेतोय ते कळलं पाहिजे. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर लिहिलेलं असतं. पट्टी हरवली असेल तर घरी बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, जाळून बघा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, आणि राख चिमटीत चुरगळते. सूत कागदासारखं भुरकन पेटतं, मागे मऊ करडी राख राहते. अ‍ॅक्रिलिक मात्र वितळतं आणि टोकाशी कडक काळा मणी होतो. तो गरम असताना हात लावू नका. तान्ह्या बाळासाठी विणताना ही परीक्षा मी कधीही टाळत नाही.

त्याच पट्टीवर रंगाच्या लॉटचा नंबर असतो. तो सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या. एक गुंडा कमी पडला म्हणून महिन्याने आणला, तर निळ्यात निळा मिळत नाही. पाठीवर मधोमध पट्टा दिसतो. सुताच्या बाबतीत हा फरक जास्तच डोळ्यांत भरतो.

आता सूत विणताना काय बदलतं ते बघू. लोकर ताणली की परत जागेवर येते, सूत येत नाही. माझ्या भाचीसाठी मी पहिला सुती झगा विणला तो लोकरीच्याच हिशेबाने, त्याच सुया, तेवढेच टाके. धुतला आणि दोरीवर टांगला. ओलं सूत स्वतःच्या वजनाने खाली ओढलं गेलं आणि झगा चार बोटं लांब झाला. खांदे गळ्यापासून सुटून दंडावर आले. दोन महिन्यांच्या दुपारी त्यात गेल्या होत्या. मी तो पूर्ण उसवला आणि पुन्हा विणला. तेव्हापासून सुतासाठी एक नंबर बारीक सुई घेते. आपल्या दुकानांतल्या जुन्या नंबरांत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे ध्यानात असू द्या. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन, बारा नंबर म्हणजे पावणेतीन. आणि नमुना आधी विणा. वीतभर चौकोन विणून, धुऊन, वाळवून मग टाके मोजा. सुती कपडा कधीही टांगू नये, टॉवेलवर पसरून वाळवावा. आणखी एक. उन्हाळ्यात घामाच्या हाताला अ‍ॅल्युमिनिअमची सुई चिकटते, तेव्हा बांबूच्या सुया घ्या.

मग काय काय विणायचं? त्या ताईंच्या बाळंतविड्यापासून सुरुवात करू. चार पदरी सुताचं टोपडं, त्याला लोकरीच्या टोपड्यासारखी घट्ट रिब नको, साधी गार्टरची, म्हणजे दोन्ही बाजूंनी सुलट विणलेली, दोन बोटांची कड पुरे. झबल्याला गळ्याशी नाडी न लावता खांद्यावर गुंडी लावा. तान्ह्याच्या मानेशी नाडी मला बघवत नाही. दुपटं जाळीचं विणा, कूलरच्या वाऱ्यात बाळाच्या पायांवर टाकायला तेवढंच लागतं.

कॉटन मार्केटला भाजीला जाताना क्रोशाची जाळीची पिशवी न्या. रिकामी असते तेव्हा मुठीत मावते, आणि भरायला लागलं की दोन किलो संत्री आणि वर मेथीची जुडी खुशाल सामावते. तळाशी टाके घट्ट ठेवा, आणि दांडी दुहेरी करा, नाहीतर ती सुतळीसारखी खांद्याला कापते.

आणि तान्हा पोळा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात. भोसल्यांच्या काळापासूनची ही आपल्या नागपूरची हौस. क्रोशाने गोल-गोल विणत कापूस भरून बाहुल्या करायची जपानी पद्धत, अमिगुरुमी, आता इथल्या मुलीही शिकताहेत. शिबिरांमधून मी त्यांनी केलेले अस्वल, ससा, पेंग्विन पाहते. माझं त्यांना सांगणं असतं, नंदी विणा. पांढऱ्या सुताचा, वशिंड उंच, शिंगांना पिवळा धागा, पाठीवर लाल झूल. वशिंडासाठी वेगळा तुकडा विणून शिवायचा, मग ते ताठ राहतं. लाकडी नंदी राहू द्या, तो तर हवाच. पण ज्या घरात दोन वर्षांचं पोर आहे, तिथे हा मऊ नंदी त्याच्या हातात निर्धास्त देता येतो.

मला एक खंत मात्र आहे, आणि ती बोलून दाखवते. सुती गुंड्यावरच्या पट्टीवर कंपनीचं नाव असतं, शेताचं नसतं. वर्ध्याला मगन संग्रहालयात, जे १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते सुरू झालं, खादी आणि वनस्पतींच्या रंगांचं काम आजही चालतं. अशा रंगांत रंगवलेलं, यवतमाळ-वर्ध्याच्या कापसाचं, हातविणीसाठी मुद्दाम वळलेलं जाड सूत आपल्या दुकानाच्या फळीवर 'विदर्भाचं सूत' म्हणून दिसावं, असं मला फार वाटतं. गिऱ्हाईक आहोत आपण. दुकानात गेल्यावर मागायला सुरुवात तर करू.

आता कागद-पेन्सिल घ्या. सुताशी पहिली ओळख व्हावी म्हणून एक रुमाल सांगते. संक्रांतीला अजून अवधी आहे, हळदीकुंकवाच्या वाणासाठीही हा चालेल. शंभर ग्रॅमच्या गुंड्यात दोन-तीन होतात.

आठ पदरी सूत, आठ नंबरच्या सुया. नमुन्याची वीण सैल वाटली तर नऊ नंबर घ्या. चार टाके घाला. एक ओळ सगळी सुलट. आता पुढची प्रत्येक ओळ अशी: दोन टाके सुलट, मग दोरा पुढून सुईवर एकदा घ्या, उरलेले सगळे सुलट. प्रत्येक ओळीला एक टाका वाढेल आणि कडेला आपोआप जाळीची नक्षी पडत जाईल. सुईवर साठ टाके झाले की वाढवणं थांबवा.

आता घटवायचं. प्रत्येक ओळ अशी: एक सुलट, दोन टाके एकत्र सुलट, दोरा पुढून सुईवर एकदा, पुन्हा दोन एकत्र सुलट, उरलेले सगळे सुलट. पुन्हा सांगते, सावकाश लिहून घ्या. एक सुलट. दोन एकत्र. दोरा. दोन एकत्र. पुढे सगळे सुलट. चार टाके उरले की बंद करा, आणि धाग्याचं टोक मोठ्या सुईने आत ओवून टाका.

धुऊन, चारही कोपरे हाताने ओढून चौकोन करा आणि टॉवेलवर पसरून सावलीत ठेवा. उन्हात नको, रंग उडतो.