कचेरीचे बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलायचे म्हटले की घरात आधी चर्चा होते. पाणी किती वेळ येते, शाळा किती लांब, शेजार कसा, हे पाहिल्यावाचून कुणी ट्रंका बांधायला घेत नाही. कचेरीचे बिऱ्हाड हलते तेव्हा मात्र नुसते परिपत्रक निघते: अमुक तारखेपासून कचेरी अमुक पत्त्यावर भरेल. अलीकडे त्यात आणखी एक वाक्य असते, की नव्या जागेत कामाला चांगले वळण लागेल, आपलेपणा वाढेल. हे कितपत खरे, एवढेच आज तुमच्याशी बोलायचे आहे.

मी विरारचा. पंचवीस वर्षे फोर्टातल्या एका लहान कंपनीत हिशेब लिहिले. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. विरारला बसायला जागा मिळाली, तरी नालासोपारा आणि वसई ही दोन स्टेशने गेली की डब्यात हात हलवायची सोय राहत नाही. त्यामुळे आमची कचेरी वसई पूर्वेला, वालीवच्या कारखान्याशेजारी जाणार असे कळले, तेव्हा मी घरी पेढे नेले!

मालकांचा हेतू चांगला होता. कारखाना वालीवला, कचेरी फोर्टात. माल उशिरा गेला की दोघे एकमेकांकडे बोट दाखवीत. एका आवारात आलो की एका घरची माणसे होऊ, असे मालक म्हणाले. आम्हालाही ते पटले.

आता जुन्या जागेचे सांगतो. जिना अंधारा, खोल्या कोंदट. अकरा वाजता चहावाला पोऱ्या यायचा आणि आम्ही सारे जिन्याच्या वळणावर उभे राहून चहा घ्यायचो. तिथे डिस्पॅचचे काका हळूच सांगायचे, "अहो, त्या पार्टीचे मागचे पैसे आले का? नाही ना? मग आज माल सोडू नका." हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसे. पण कंपनीचे कितीतरी पैसे त्या जिन्यावर वाचले.

नव्या कचेरीत मोठा हॉल होता, मालकांना काचेची खोली होती, आणि चहा ज्याच्या त्याच्या टेबलावर येऊ लागला. जिना राहिला नाही, आणि जिन्यावरचे बोलणेही राहिले नाही. कारखान्याची माणसे खाली जेवत, आम्ही वर. आवार एक झाले, पंगती मात्र दोन राहिल्या.

काका डोंबिवलीचे. फोर्टात त्यांना एकच गाडी पुरे. आता दादरला गाडी बदलून उलटे वसईला यायचे, नाहीतर दिवा-वसई मार्गाने. त्या मार्गावर गाड्या मोजक्या. एक चुकली की सकाळ गेली. उशिराच्या तीन खुणांना अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा नियम होता. तिसऱ्या महिन्यात काकांनी राजीनामा दिला. माझे दोन तास वाचले ते त्यांच्या पदरचे गेले, हे पेढे वाटताना माझ्या ध्यानातही आले नव्हते.

आमची कंपनी लहान. पण मोठ्यांचीही गोष्ट वेगळी नाही. आमच्या डब्यात हिऱ्यांच्या धंद्यातली काही मंडळी असत. ती चर्नी रोडला उतरून ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न इमारतीकडे जात. हा धंदा विश्वासाचा. दलाल कागदाच्या पुडीत लाखोंचा माल घेऊन पदपथावर उभे राहत. २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स उघडले. वीस एकर जागा, सुमारे अडीच हजार कचेऱ्या. तरी सारा बाजार एका दिवसात तिकडे गेला नाही. व्यापारी, दलाल, हळूहळू सगळे गेले, तेव्हाच जागा रुळली.

याउलट सुरतेचे पाहा. तिथल्या डायमंड बोर्सचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झाले. चार हजारांहून अधिक कचेऱ्यांची ती इमारत. किरण जेम्स या मोठ्या कंपनीने मुंबईतला कारभार तिकडे हलवला, माणसांसाठी घरेही बांधली. पण बरोबरीचे व्यापारी पुरेसे आलेच नाहीत, आणि २०२४ च्या आरंभी कंपनीने मुंबईतले काम पुन्हा सुरू केले. इमारतीत उणे काही नव्हते. ज्यांच्याशी रोज बोलायचे ती माणसे मागे राहिली होती.

मग कचेरी हलवूच नये काय? तसे मी म्हणत नाही. आमच्याकडेही पुढे सुधारले. टंकलेखन करणाऱ्या एका बाईंनी मालकांना सरळ विचारले, "साहेब, कोण कुठून येतो याची यादी तुमच्याकडे आहे का?" यादी नव्हती. ती केली. कामाची वेळ दिव्याच्या गाडीशी जुळवली, उशिराच्या खुणा बंद केल्या. चहा खाली शेडमध्ये, कारखान्याच्या माणसांबरोबर ठेवला. मालकही तिथे येऊ लागले. वर्षभराने एकमेकांकडे बोट दाखवणे कमी झाले.

तेव्हा तुमच्या हाती कचेरी हलवण्याचा अधिकार असेल, तर परिपत्रक काढण्यापूर्वी ती यादी करा. कोणाचा वेळ वाचतो, कोणाचा जातो, आणि आजचे बोलणे कोणत्या जिन्यावर चालते, हे पाहा. तो जिना नव्या जागेत कुठे असेल, हे आधी ठरवा.

आम्ही ती यादी केली. पण काका गेल्यानंतर केली, आणि ते काही परत आले नाहीत.