पावसाच्या आधीची सुई

रविवारची ओपीडी बंद ठेवून इथवर आलेले माझे जनरल प्रॅक्टिशनर बंधू-भगिनी,

अध्यक्षानं एखादा भारदस्त विषय घ्यावा अशी आपल्या अधिवेशनाची रीत आहे. मी साध्या फ्लूवर बोलणार आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या टेबलासमोरच्या स्टुलावर दिवसभर तोच बसलेला असतो, आणि आपण त्याला 'व्हायरल आहे' म्हणून वाटेला लावतो.

२००९ चा ऑगस्ट पुण्याच्या मंडळींना आठवत असेल. ३ तारखेला स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि बघता बघता शहराचा नूरच पालटला. शाळा बंद, सिनेमागृहं बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा. मास्क मिळेनात, तेव्हा लोक कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या हुंगत फिरू लागले. आपल्या पुण्यातच बनलेली नाकातून घ्यायची लस बाजारात आली ती जुलै २०१० मध्ये. तोवर पहिली लाट येऊन गेली होती. एवढं होऊन तो विषाणू कुठं गेला? कुठंच नाही. तो नेहमीच्या हंगामी फ्लूच्या घरातलाच होऊन बसला. आजच्या लसीतही त्याच्या वंशजाचा घटक असतो. भीती मात्र त्याच वर्षाअखेरीला ओसरली. तेव्हापासून आपल्याकडे लसीची चौकशी होते ती वर्तमानपत्रात मृत्यूची बातमी आली की. तोवर ऑगस्ट उजाडलेला असतो.

माझं सगळं म्हणणं या उशिराबद्दल आहे. लस टोचल्यावर अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती यायला दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांत ती ओसरूही लागते. श्रीनगरचा फ्लू थंडीतला. आपला मुख्य हंगाम पावसाळ्यातला, म्हणजे जून ते सप्टेंबर. थंडीत पुन्हा थोडी उचल होते, ती वेगळी. जागतिक आरोग्य संघटना लसीचे घटक वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. नकाशावर आपण उत्तरेत असलो, तरी आपल्या पावसाला सोयीची पडते ती दक्षिणेची लस, कारण ती उन्हाळ्यात हाती येते. पण न्यू जर्सीतला मुलगा ऑक्टोबरात फोनवर सांगतो, 'बाबा, फ्लू शॉट घ्या,' आणि बाबा दुसऱ्या दिवशी आपल्या दारात. त्यांना परत पाठवू नका, पण पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये या, हे त्यांच्या फाइलवर लिहून ठेवा. आषाढीला पायी जाणारा मधुमेही वारकरी वारीआधी गोळ्या बांधून न्यायला येतोच. राहुटीत दाटीवाटीनं झोपायचं, दिवसा पावसात भिजायचं. पालखी निघायच्या दोन आठवडे आधी त्याला लस टोचलेली हवी.

एक गंमत बघा. तापानं फणफणलेला पेशंट म्हणतो, 'साहेब, एक सुई मारा, लवकर बरं वाटंल.' तेव्हा त्या सुईचा काडीचा उपयोग नसतो, अँटिबायोटिकचाही नसतो. त्यालाच मे महिन्यात लसीची सुई घे म्हटलं, तर, 'मला काय झालंय?' आणि घेतलीच, तर, 'लसीनंच ताप आला.' या इंजेक्शनात जिवंत विषाणू नसतो, त्यानं फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. मात्र लस घेतली की फ्लू होणारच नाही, असंही कबूल करू नका. जुळणी चांगली असलेल्या वर्षी ती साधारण ४० ते ६० टक्के आजार टाळते. ज्यांना तरीही होतो, त्यांच्यात दवाखान्यात दाखल होण्याची वेळ कमी जणांवर येते. साठीपुढचे, दमेकरी, मधुमेही, गरोदर बायका, लहान मुलं यांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. राज्य शासनानं २०१५ पासून गरोदर माता आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ही लस मोफत ठेवली, हे आपल्या कितीतरी पेशंटना ठाऊक नाही. ते आपण सांगायचं नाही, तर कुणी?

आता आपल्या वेटिंग रूमकडे वळू. एसी लावला म्हणून खिडक्या बंद. खोकणारा मुलगा आणि प्रेशर तपासायला आलेली आजी एकाच बाकावर. बेसिनपाशी खिळ्याला अडकवलेला, सकाळपासून ओला असलेला एकच नॅपकिन. साबणानं विषाणूचं चरबीचं वेष्टन फुटतं आणि तो निकामी होतो, हे आपण शाळांमध्ये जाऊन शिकवतो. आणि हात धुऊन त्याच नॅपकिनला पुसतो. तो नॅपकिन आधी काढा. खिडकी उघडा. खोकणाऱ्याला दारातच मास्क द्या आणि बाहेरच्या खुर्चीवर बसवा, नाहीतर नंबर मोडून आधी आत घ्या. कुणी कुरकुर केली तर करू द्या. 'ताप उतरून एक दिवस होईपर्यंत शाळेत पाठवू नका,' हे चिठ्ठीवर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं परीक्षेच्या दिवसांत कुणी ऐकत नाही.

राहिलो आपण. दिवसाला शंभर घसे बघणाऱ्या या सभागृहात यंदाची लस किती जणांनी घेतली, असं विचारून मी कुणाला अडचणीत आणत नाही. कंपाउंडरचं आणि झाडू मारणाऱ्या मावशींचं नाव तर यादीतच नसतं. संयोजकांना मी एकच गळ घातली होती, ती त्यांनी मानली. मागच्या दाराशी टेबल मांडलंय, शीतपेटी आलीय, सिस्टर बसल्यात. जेवणाची पंगत त्या टेबलापलीकडे आहे. बाह्या वर करूनच या. कोटवाल्यांनी कोट खुर्चीवर ठेवावेत.