थंडी सरताना गवताला कोणते खत?

(जव्हार तालुक्यातील महिला बचत गटांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिवरात्र जवळ आली. थंडीत विहिरीकाठचे नेपियर गवत थिजल्यासारखे उभे होते. आता ऊन वाढेल, तसे ते खायला मागेल. या कापणीनंतर त्याला नत्र मिळाले, तर होळीनंतर माळ वाळून जातो तेव्हाही आपल्या गाईपुढे हिरवा भारा पडेल. ते नत्र कोणते घ्यायचे, एवढेच आज सांगते.

दुकानात दोन खते दिसतील. पहिला युरिया. 45 किलोची गोणी, सरकारी दर 266 रुपये 50 पैसे, शंभर किलोत 46 किलो नत्र. दुसरे अमोनियम सल्फेट. त्यात शंभर किलोत साडेवीस किलोच नत्र, सोबत गंधक. एक किलो युरियाचे काम करायला सल्फेट सव्वादोन किलो लागते, आणि गोणीही महाग.

मग युरियाच घ्यावा ना? मलाही तसेच वाटले होते. आमच्या केंद्राच्या तुकड्यात मी कापणीनंतर सकाळी ओलसर जमिनीवर युरिया फेकला. पंप दुसऱ्यांचा, तो आला तीन दिवसांनी. तोवर ऊन आणि वारा. नाकाला झोंबणारा वास आला, पण मला अर्थ कळला नाही. गवत पिवळेच राहिले. चूक माझी होती, पण चारा कमी पडला तो गाईंना.

युरिया मातीत विरघळला की त्याचा अमोनिया वायू होतो. मातीखाली असेल तर माती त्याला धरून ठेवते. वर पडला असेल तर तो हवेत उडतो. कडुलिंबाच्या लेपाने हे थांबत नाही. आपल्या तांबड्या मातीत सल्फेट असे उडत नाही, पण वर्षानुवर्षे तेच टाकले तर माती जास्त आंबट होते.

म्हणून हिशेब सोपा ठेवा. त्याच दिवशी पाणी नक्की मिळणार असेल, तर युरिया घ्या. पाण्याची खात्री नसेल, तर थोड्या तुकड्यापुरते सल्फेट घ्या. गुंठ्याला युरिया अर्धा किलो किंवा सल्फेट सव्वा किलो, प्रत्येक कापणीनंतर. ठोंबाच्या बाजूला चर काढा, खत टाका, माती ओढा, मग पाणी द्या. तीन गुंठ्यांना दीड किलो युरिया पुरतो. गोणी चारपाच घरांनी मिळून घ्या. जास्त टाकल्याने गवत दुप्पट होत नाही.

शेणही विसरू नका. सगळे शेण राबात जाळले तर त्यातले नत्र धुरात जाते. निम्मे तरी खड्ड्यात कुजवा.

शेवटचे, आणि हे घरी जाऊन सगळ्यांना सांगा. युरियाची गोणी गोठ्यात ठेवू नका. ज्या घमेल्यात खत कालवले, त्यात गुरांना पाणी देऊ नका. गुरे मिठासारखा युरिया चाटतात आणि तासाभरात फुगून, थरथरून मरू शकतात. गाय वाचवायला आणलेल्या खतानेच गाय जायला नको.

पुढच्या बैठकीला येताना किती भारे निघाले ते मोजून या. माझेही मी सांगेन.