कोरसमधून बाहेर पडलेला आवाज

(पुण्यात वस्तीतल्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच छापत आहोत.)



मी काही विद्वान नाही. मॅट्रिक झालो नि मुंबईच्या गोदीत कंत्राटावर लागलो. दिवसा बोटीतून लोखंड उतरवतो, रात्री कविता लिहितो. माझ्या बोलण्याला घामाचा वास आला तर सांभाळून घ्या.

मी बोलणार आहे शाहीर अमरशेखांबद्दल. तुम्ही म्हणाल, त्यात नवीन काय? ‘माझी मैना’ कुणाला ठाऊक नाही? बरोबर आहे. आमच्या घरी आजा ती छक्कड गुणगुणायचा. लिहिली अण्णा भाऊंनी, गाजवली अमरशेखांनी. अण्णा भाऊ, अमरशेख, गव्हाणकर या तिघांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं. गिरणगावात, गावोगावी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, सरकारने बंदी घातली. हे सगळं मला पाठ होतं. माझ्यापुरता अमरशेख म्हणजे त्या कलापथकातला पहाडी आवाज. बास. पुढे त्या माणसाने काय केलं, हा प्रश्नच कधी पडला नाही.

मागच्या वर्षी इथेच, आप्पा बळवंत चौकाजवळ, जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक पुस्तक हाताला लागलं. पुठ्ठा गेलेला, वाळवीने कड खाल्लेली. ‘कलश’. कवी अमरशेख. साल १९५८. च्यायला, म्हटलं, हा माणूस कवितासंग्रहवाला कधीपासून? घेतलं. परतीच्या गाडीत लोणावळा येईपर्यंत मान वर केली नाही.

मग शोध लागला. लाल बावट्यातून वाटा वेगळ्या झाल्यावर त्यांनी स्वतःचं कलापथक काढलं होतं. ‘पहिला बळी’ हे नाटक लिहिलं होतं. १९६३ साली ‘धरतीमाता’ हा दुसरा संग्रह आला होता. बार्शीचा मेहबूब पटेल. मोटारीचा क्लीनर, मग गिरणी कामगार, मग संपात तुरुंग. आई मुनेरबीच्या ओव्या ऐकत वाढलेला. एवढं सगळं होतं नि मी एका गाण्यावर थांबलो होतो!

आता हे मला एवढं का लागलं, ते सांगतो.

मी आमच्या वस्तीतल्या जलशात सहा वर्षं कोरसमध्ये होतो. कविता लिहायला लागलो, बैठका चुकायला लागल्या. पोरं म्हणाली, हा फुटला. आता हा एकट्याचं नाव करणार. तोंडावर म्हणाली. मला रात्रभर झोप आली नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

कोरसमध्ये एक सुख असतं. सूर सुटला तरी ढोलकी झाकून नेते. गोदीत टोळीने वजन उचलताना एखाद्याचा हात ढिला पडला तरी बाकीचे ओढून नेतात, तसंच. कागदावर मात्र कोणी नसतं. ना ढोलकी, ना जी जी रं जी करणारे. आणि अमरशेखांची ताकद तर गळ्यात होती! त्या माणसाने गळा बाजूला ठेवून नुसत्या शब्दांवर उभं राहायचं धाडस केलं. ‘कलश’ वाचताना मला तो गळा ऐकू येत नव्हता. एक माणूस ऐकू येत होता. अण्णा भाऊंनी तरी दुसरं काय केलं? १९५९ साली ‘फकिरा’ आली. ती काय कोरसमध्ये बसून लिहिली?

पण थांबा. एकटं बसून लिहिणं वेगळं नि एकटं सुटणं वेगळं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हाच कवी पुन्हा डफ घेऊन मैदानात होता. ‘कलश’ आला तो त्याच धामधुमीत. एकट्याने लिहिलेलं लोकांकडे परत येतं की नाही, एवढीच परीक्षा. माझ्या पोरांनी मला ती लावावी. मी नापास झालो तर जोडे हाणावेत.

एक शेवटचं, कडू. अण्णा भाऊ गेले १८ जुलै १९६९ ला. बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमरशेख अपघातात गेले. १ ऑगस्टला सारसबागेपाशी अण्णा भाऊंच्या पुतळ्याला आपण हार घालतो, घातलाच पाहिजे. पण २९ ऑगस्ट कुणाच्या लक्षात असतो? एका मांडवात गाणारी माणसं आपण जातीधर्माने वाटून घेतली काय? हा तुमचा, तो आमचा, नि मेहबूब कुणाचाच नाही? मग प्रस्थापितांना शिव्या कुठल्या तोंडाने द्यायच्या?

म्हणून येत्या २९ ऑगस्टला इथेच बसू. ढोलकी नको, माईक नको. मी ते वाळवीचं पुस्तक आणतो. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कोरस त्यानंतर.

जयभीम.