यंत्राचा ब्रश आणि माणसाचा हात

(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात दंतचिकित्सा विभागाच्या मानद चिकित्सकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हृदयविकार, मूत्रपिंड, कर्करोग अशा गंभीर विषयांवर या व्यासपीठावरून आजवर व्याख्याने झाली. त्यांच्या मानाने आजचा माझा विषय किरकोळ वाटेल. विषय आहे विजेवर चालणारा दात घासण्याचा ब्रश. आमच्या बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातून दोनतीनदा तरी प्रश्न येतो, "डॉक्टर, हा बॅटरीचा ब्रश घ्यावा का?" पूर्वी ही वस्तू परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून येत असे. आता ती ठाण्यातल्या आणि कल्याण-डोंबिवलीतल्या दुकानांत सहज मिळते. या प्रश्नाला होय किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्यासाठी त्या ब्रशच्या पोटात काय आहे आणि तो मुळात कोणासाठी घडवला गेला, हे जाणून घ्यावे लागते. मला ते एका रुग्णामुळे जाणून घ्यावे लागले.

डोंबिवली पूर्वेला राहणारे एक निवृत्त शिक्षक. आपण त्यांना गुरुजी म्हणू. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, वाणी अडखळू लागली. आपल्याच रुग्णालयात ते पंधरा दिवस दाखल होते. रक्तदाब, औषधे, व्यायाम या सर्वांची उत्तम काळजी घेतली गेली. परंतु त्यांचे दात कोण घासणार, हा प्रश्न कोणीही विचारला नाही. त्यात मीही आलो. चार महिन्यांनी ते माझ्याकडे आले तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होते, दातांवर कीटणाचे थर होते आणि दोन दाढा हलत होत्या. त्यांच्या पत्नी रोज सकाळी जमेल तसा ब्रश त्यांच्या तोंडात फिरवीत. गुरुजी संकोचाने तोंड पुरते उघडतही नसत.

त्यांच्या मुलाने अमेरिकेहून विजेचा ब्रश पाठवला होता. काकूंनी मोठ्या उत्साहाने त्याची बैठक न्हाणीघराबाहेरच्या सॉकेटमध्ये लावली. काही वेळाने जळका वास आला आणि बैठक काळी पडली. मला हे सांगताना काकूंचे डोळे भरून आले. "मुलानं एवढ्या लांबून पाठवलं, आणि मी पहिल्याच दिवशी जाळून टाकलं," त्या म्हणाल्या.

दोष काकूंचा नव्हता. अमेरिकेत घरगुती विजेचा दाब सुमारे १२० व्होल्ट असतो, आपल्याकडे २३०. बैठकीच्या तळाशी बारीक अक्षरांत तिचा दाब छापलेला होता; परंतु तो वाचावा असे त्यांना सुचवायला हवे होते. आपल्या गल्लीत महावितरणचे रोहित्र असते, तेच तत्त्व या बैठकीत छोट्या रूपात वापरलेले असते. रोहित्रात तारेच्या दोन गुंडाळ्या शेजारी असतात. एकीतील प्रवाह सतत दिशा बदलतो, त्यामुळे तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही बदलत राहते आणि दुसऱ्या गुंडाळीत, तारेला तार न जोडताही, वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली हा शोध लावला. विजेच्या ब्रशमध्ये या रोहित्राचे दोन तुकडे केलेले असतात. पहिली गुंडाळी बैठकीत आणि दुसरी ब्रशच्या मुठीत. मूठ बैठकीवर ठेवली की दोन्ही तुकडे जवळ येतात आणि आतील बॅटरी भारित होते. या रचनेमुळे धातूचे एकही टोक उघडे राहत नाही. पाणी आणि वीज एकत्र येण्याच्या जागी ही फार मोठी सुरक्षितता आहे. मात्र अर्ध्या दाबासाठी केलेल्या गुंडाळीला दुप्पट दाब दिला की ती तापते, तारेवरचा लेप जळतो आणि काकूंच्या घरी झाले ते होते. सुदैवाने ब्रश शाबूत होता. जळली होती ती बैठक.

त्याच सुमारास माझ्याकडे एक जुना, बॅटरी संपलेला ब्रश पडून होता. वागळे इस्टेटमधील एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर माझ्या परिचयाचे आहेत. त्यांनी तो ब्रश माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडला. आत एक लहान बॅटरी, अंगठ्याएवढी मोटर, प्लास्टिकची दातेरी चाके आणि पाणी आत जाऊ नये म्हणून दांड्याभोवती बसवलेले रबराचे कडे, एवढाच संसार होता. मोटर एकाच दिशेने गोल फिरते. पण ब्रशचे गोल डोके मात्र थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे असे हलते. हे कसे होते, असे मी विचारले. फिटर म्हणाले, "डॉक्टर, घरी पायाचं शिलाई मशीन होतं का? पायडल पुढंमागं हलतं आणि चाक गोल फिरतं. इथं तेच उलटं केलंय. चाक गोल फिरतं आणि दांडा पुढंमागं हलतो."

त्यांच्या उत्तरात सगळे यंत्रशास्त्र आले. चाकाच्या मध्यापासून किंचित बाजूला एक खुंटी असते; तिला जोडलेला दांडा चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा पुढे आणि एकदा मागे जातो. डोक्याची ही हालचाल ताक घुसळणाऱ्या रवीसारखी असते. रवी एकाच दिशेने फिरत राहत नाही, ती उलटसुलट फिरते. या प्रकारचे ब्रश मिनिटाला साधारण आठ हजारांच्या आसपास अशी आंदोलने करतात. काही ब्रशांचे डोके त्याच वेळी दाताच्या दिशेने मागेपुढे सूक्ष्म ठोकेही देते. आपला हात मिनिटाला तीनशेच्या आसपास फेऱ्या मारतो, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल.

दुसरा प्रकार 'सॉनिक' म्हणून ओळखला जातो. त्याचे डोके साध्या ब्रशसारखे लांबट असते आणि त्यात सहसा दातेरी चाके नसतात. दांड्याच्या तळाशी चुंबक असतो व त्यासमोर तारेची गुंडाळी. गुंडाळीतील प्रवाहाची दिशा बदलली की चुंबक कधी ओढला जातो, कधी ढकलला जातो. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला योग्य क्षणी बोटाने ढकलले तरी झोका उंच जातो. शास्त्रात याला अनुनाद म्हणतात. या ब्रशचा दांडा व त्याची स्प्रिंग यांची स्वतःची एक लय असते. विजेचा धक्का त्याच लयीत दिला की अल्प शक्तीत जलद कंप मिळतो. हे कंप सेकंदाला सुमारे अडीचशेपर्यंत जातात. ब्रशचे केस तोंडातील पाणी व लाळ घुसळतात, त्याचाही थोडा उपयोग होतो. परंतु दात स्वच्छ होतो तो मुख्यतः केसांच्या प्रत्यक्ष स्पर्शानेच. कोणताही ब्रश, विजेचा असो वा साधा, दातांवरचा मऊ चिकट थर काढतो. तो थर लाळेतील क्षारांनी टणक होऊन त्याचे कीटण बनले की ते दंतवैद्यानेच काढावे लागते.

या यंत्राचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग म्हणजे त्यातील घड्याळ. अनेक ब्रश दर तीस सेकंदांनी क्षणभर थांबतात आणि जबड्याचा पुढचा चतुर्थांश भाग घ्या असे सुचवतात. दोन मिनिटे झाली की संपल्याची खूण करतात. बत्तीस दात आणि एकशे वीस सेकंद, म्हणजे एका दाताच्या वाट्याला चार सेकंदही येत नाहीत. ज्या शहरांची सकाळ जलद लोकलच्या वेळेवर ठरते, तेथे तेवढीही वेळ दातांना मिळत नाही, हे मी रोज पाहतो. काही ब्रशांत दाब जास्त झाल्यास दिवा लागतो किंवा गती कमी होते. तेही उपयोगी आहे, कारण जोराने घासणे म्हणजे स्वच्छ घासणे, हा समज हिरड्या मागे सरकण्याचे एक मोठे कारण आहे.

आता मूळ मुद्दा. स्वित्झर्लंडमध्ये १९५४ साली डॉ. फिलिप-गी वूग यांनी ज्या विजेच्या ब्रशची रचना केली, तो 'ब्रॉक्सोडेंट' नावाने बाजारात आला. तो सरळ भिंतीवरच्या विजेवर चाले. १९६१ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने पुन्हा भारित करता येणाऱ्या बॅटरीचा, बिनतारी ब्रश आणला. वूग यांच्या ब्रशच्या मागे चैनीचा विचार नव्हता. ज्यांचे हात नीट चालत नाहीत आणि ज्यांच्या दातांवर तारा बसवलेल्या आहेत, अशा रुग्णांसाठी तो प्रामुख्याने होता. पुढे जाहिरातींनी तो धडधाकट माणसाच्या हाती दिला, आणि ज्याच्यासाठी तो जन्मला तो रुग्ण मागे राहिला.

संशोधनातही हेच दिसते. कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली ५६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. साध्या ब्रशच्या तुलनेत विजेच्या ब्रशने दातांवरचा थर एक ते तीन महिन्यांत ११ टक्के आणि तीन महिन्यांनंतर २१ टक्के अधिक कमी झाला. हिरड्यांची सूज अनुक्रमे ६ आणि ११ टक्के अधिक कमी झाली. हा लाभ खरा आहे, पण मर्यादित आहे. आणि या आढाव्यात ज्यांच्या हातांची हालचाल शाबूत आहे अशाच व्यक्ती घेतलेल्या होत्या. म्हणजे गुरुजींसारखी माणसे त्या मोजणीत नव्हतीच.

याची दुसरी बाजूही सांगतो. जपानमधील अकरा शुश्रूषागृहांत झालेला एक अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या वृद्धांचे दात शुश्रूषा करणाऱ्यांनी जेवणानंतर नियमाने घासून दिले, त्यांना न्यूमोनिया कमी झाला. अस्वच्छ तोंडातील जंतू गिळताना श्वासनलिकेत उतरतात, हे त्याचे कारण. तेथे कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. लागला तो साधा ब्रश आणि रोज वेळेवर येणारा माणसाचा हात.

गुरुजींचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. आम्ही कीटण काढले. हलणाऱ्या दोन दाढा वाचल्या नाहीत; चार महिने आधी पाहिले असते तर कदाचित वाचल्या असत्या, ही खंत माझ्या मनात आहे. २३० व्होल्टची नवी बैठक आणली. गुरुजींनी डाव्या हाताचा सराव केला. ब्रश घासायचा नाही, फक्त दात आणि हिरडी यांच्या सीमेवर टेकवून एकेका दातावर नेत राहायचे. बाकीचे काम यंत्र करते. महिन्याभराने काकू आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आता मला बाहेर थांबायला सांगतात. दार लोटून स्वतः दात घासतात." स्वतःचे तोंड स्वतः धुता येणे ही गोष्ट आपल्याला क्षुल्लक वाटते; ज्याची ती जाते त्यालाच तिची किंमत कळते.

म्हणून माझे उत्तर असे आहे. आपला हात चालत असेल, तर मऊ केसांचा साधा ब्रश आणि पूर्ण दोन मिनिटे पुरेशी आहेत. पक्षाघात, कंपवात, बोटांचा संधिवात असलेल्यांसाठी, मतिमंद वा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी आणि त्यांचे दात घासून देणाऱ्या आईसाठी विजेचा ब्रश ही गरजेची वस्तू समजावी. तो घेताना बैठकीवरचा दाब वाचावा. डोके दर तीन महिन्यांनी बदलावे लागते, तो खर्च आधी विचारात घ्यावा आणि प्रत्येकाचे डोके वेगळे ठेवावे. पेसमेकर बसवलेल्यांनी चार्जरची बैठक छातीपासून किमान वीतभर दूर ठेवावी आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. ब्रशवर मिश्री किंवा खरबरीत दंतमंजन कधीही घेऊ नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि वेगवान ब्रशने खरबरीत पूड दात झिजवते. ज्यांना हा खर्च परवडत नाही, त्यांनी साध्या ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवावी. दांडा जाड झाला की अशक्त बोटांनाही तो धरता येतो.

शेवटी विश्वस्त मंडळाकडे एक विनंती. पक्षाघाताचा रुग्ण घरी जाण्यापूर्वी, त्याचे दात कोण व कसे घासणार, हा प्रश्न सुटीच्या कागदावर छापील असावा आणि परिचारिका भगिनींनी नातेवाइकांकडून ते एकदा समोर करून घ्यावे. याला एक पैसाही खर्च नाही. आणि देणगीदारांपैकी कोणाला इच्छा झाल्यास, गरजू रुग्णांसाठी अशा ब्रशांचा एक छोटा साठा आमच्या विभागात ठेवता येईल. पण पहिली मागणी त्या एका छापील ओळीची आहे. ती गुरुजींच्या कागदावर असती, तर मला आज हे भाषण वेगळ्या शब्दांत करता आले असते.