आधी आपली कातडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तो मराठी घेऊन. रसायनशास्त्राशी संबंध शाळेपुरताच. तरी आज रसायनांविषयी बोलणार आहे, कारण आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या दारावरून ती जात-येत असतात. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, कळंब, नारायणगाव करत आळेफाट्याला येतो. तिथं माळशेज घाट चढून आलेला कल्याण-अहिल्यानगर रस्ता त्याला छेदतो. टोमॅटोच्या पिकअपमागे टँकर धावत असतो आणि त्याच्या पोटात काय आहे, हे आपण बघत नाही.

मराठीत 'कातडीबचाऊ' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. संकटात मागे राहणाऱ्याला आपल्याकडे मान नाही. गाडी उलटली की टपरीवरचा माणूस हातातला चहा ठेवून धावतो. ही सवय मोलाची आहे. ३० जुलै २०१४ रोजी आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. ती खबर बाहेर पोचवली एसटीच्या चालकानं. एनडीआरएफचे जवान नंतर आले. खेड्यापाड्यात मदतीला पहिला पोचतो तो नेहमी साधा माणूसच.

पण मातीत हात घालणं वेगळं आणि रसायनात घालणं वेगळं. १३ जून २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ द्रुतगती महामार्गावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं. त्या दुर्घटनेत चौघांचा जीव गेला. रसायन रस्त्याची हद्द पाळत नाही.

म्हणून मदतीला जाणाऱ्याचं शिक्षण थांबण्यापासून सुरू व्हायला हवं. वारा कुठून येतो ते बघायचं, वाऱ्याकडे पाठ करून आणि चढाच्या बाजूला उभं राहायचं. मग टँकरवरचा फलक लांबूनच वाचायचा. घातक माल नेणाऱ्या वाहनावर पदार्थाचं नाव, चार आकडी क्रमांक आणि मदतीचा फोन लिहिणं मोटार वाहन नियमांनी बंधनकारक आहे. १८३० म्हणजे गंधकाम्ल, १८२४ म्हणजे कॉस्टिक सोड्याचं द्रावण, १००५ म्हणजे अमोनिया. हा आकडा ११२ वर सांगितला, तर येणारं पथक तयारीनं येतं.

दुसरा धडा कपड्यांचा. अग्निशमन जवानाचा जाड कोट आगीसाठी असतो. आम्ल त्यातून आत झिरपू शकतं. चामड्याचे बूट रसायन शोषून घेतात आणि नंतर तासन् तास पायाला लावत राहतात. इथं रबरी गमबूट हवेत, पँट बुटांच्या आत न खोचता वरून सोडलेली हवी, आणि हातमोजे त्या रसायनाला टिकणारे हवेत. त्वचेला इजा पुष्कळदा काम संपल्यावर होते, मोजे उतरवताना. याचा सराव स्वस्तात होतो. मोज्यांना गुलाल फासायचा, ते उतरवायचे आणि मनगट बघायचं. गुलाल दिसला, तर पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा धडा पाण्याचा. अंगावर रसायन पडलेल्या माणसाचे कपडे ताबडतोब काढायचे. डोक्यावरून ओढायचे नाहीत, कात्रीनं कापायचे. बहुतेक रसायन कपड्यांबरोबरच जातं. इथं लाज आडवी येते, विशेषतः बाईमाणसाच्या बाबतीत. म्हणून पथकात बायका हव्यात आणि गाडीत चादरी. अंगठी, घड्याळ, ताईत, करगोटा, सगळं काढायचं, कारण रसायन त्याखाली दडतं. आमच्याकडे वजू करताना बोटातली अंगठी हलवतात, तिच्याखालची जागा कोरडी राहू नये म्हणून. इथं ती काढूनच ठेवायची. मग वाहत्या पाण्यानं निदान वीस मिनिटं धुवायचं. कोरडी पूड, उदाहरणार्थ कळीचा चुना, असेल तर आधी झटकायची, मग भरपूर पाणी. हळद, तूप, टूथपेस्ट लावायची नाही. आम्लावर खायचा सोडा चोळायचा नाही. त्यातून उष्णता निघते आणि जखम वाढते.

आम्लापेक्षा कॉस्टिक सोडा दगलबाज. आम्ल लगेच झोंबतं. कॉस्टिक सुरुवातीला नुसतं साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि तोवर खोल उतरलेलं असतं. दुखत नाही म्हणून धुणं थांबवायचं नाही.

पाण्याची आमच्याकडे वाण नाही. बांधावर मोटर आहे, पाइप आहे. पण फवारणीचा पंप वापरू नये, त्यात औषधाचा अंश असतो. आणि भाजलेल्या माणसाला कुकडीच्या कालव्यात उतरवू नये. ते पाणी पुढची गावं वापरतात.

हे ज्ञान फक्त महामार्गापुरतं नाही. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायचं हे औषध कातडी भाजून काढतं. ते लावणारे मजूर कित्येकदा उघड्या हातांनी काम करतात. त्यांच्यापाशी आधी पोचणार तो शेजारच्या वाफ्यातला माणूस.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना २०१६ साली सुरू झाली, ती पूरप्रवण जिल्ह्यांसाठी. पूर आणि दरड यांच्या जोडीला आमच्या तालुक्यांत रसायनाचा एक दिवस हवा. त्या दिवशी पोलीस पाटील, रुग्णवाहिकेचे चालक, ढाबेवाले आणि द्राक्ष बागायतदार एकत्र बसावेत. खर्च किती? चार जोड मोजे, गमबूट, कात्री, चादरी आणि मूठभर गुलाल.

धावणाऱ्या माणसाला थांब म्हणणं मला जड जातं. पण धावणारा स्वतः भाजला, तर जखमी एकाचे दोन होतात आणि मदत करणारा एक कमी होतो. अशा वेळी आधी आपली कातडी वाचवणं हा भित्रेपणा नव्हे. ती शाबूत राहिली, तरच दुसऱ्याच्या अंगावर पाणी ओतायला हात उरतात.