मुलांची पावले



मंडळाच्या वर्धापनदिनी मी फार मोठ्या विषयावर बोलणार नाही. लहान मुलांच्या पावलांविषयीच चार शब्द सांगणार आहे. माझ्या दवाखान्यात पुष्कळ आया मुलीला पुढे करून हलक्या आवाजात विचारतात, "डॉक्टरबाई, हिची पावले सपाट आहेत. पुढे हिचे कसे व्हायचे?" मुलग्याविषयी हा प्रश्न क्वचितच येतो. कारण उघड आहे. घरातल्या बऱ्यावाईटाचे खापर सुनेच्या पावलांवर फोडण्याची रीत आपलीच. 'पांढऱ्या पायाची' हा शब्दही आपलाच.

आता शरीरशास्त्र काय सांगते ते पाहू. पावलात २६ हाडे असतात. जन्मतः त्यांतली बरीच अजून कूर्चाच असतात. कमानीच्या माथ्यावरचे हाड घट्ट होऊ लागते तेच तिसऱ्या वर्षाच्या सुमारास. शिवाय बाळाच्या तळव्याखाली चरबीची गादी असते आणि सांध्यांचे बंध सैल असतात. म्हणून बाळाचे पाऊल सपाटच दिसते. पुढे मूल धावू, उड्या मारू लागते, तसतशी तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान कमान दिसू लागते. काहींची दहाव्या वर्षापर्यंत भरत राहते.

परीक्षा घरीच होते. न्हाऊन आलेल्या मुलाच्या ओल्या पावलांचे ठसे शहाबादी फरशीवर पाहा. आतल्या बाजूस खोलगट जागा कोरडी राहिली, तर कमान आहे. न राहिली, तर मुलाला टाचा उचलून चवड्यांवर उभे करा. तेव्हा कमान उमटली आणि पाय दुखत नसला, तर काळजी नको.

मणिपालच्या राव व जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट पावले शेकडा ८.६, तर अनवाणी वाढलेल्यांत शेकडा २.८ आढळली, बंद बूट घालणाऱ्यांत ती सर्वांत अधिक होती. महागड्या खास बुटांनी कमान येते, हा समजही खरा नाही. अमेरिकेत डॅलस येथे मुलांना तीन वर्षे असे बूट घालून पाहिले. साध्या बुटांहून काही अधिक लाभ दिसला नाही. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला.

म्हणून मुलांना सरसकट अनवाणी सोडा, असे मात्र मी म्हणत नाही. सोलापूरचा वैशाख, तापलेली सडक, काचा, आणि घाणीच्या मातीतून तळव्यावाटे शिरणारे आकडीकृमी आपण जाणतोच. घरात, अंगणात मूल अनवाणी खेळू द्या. बाहेर मऊ, मोकळी चप्पल द्या. बूट घ्यावाच लागला, तर उभे राहून बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असा घ्या. "दोन वर्षे पुरेल" म्हणून ढगळ नको आणि थोरल्याचा झिजलेलाही नको.

मात्र पाय दुखत असेल, पाऊल ताठ असेल, एकच पाऊल सपाट असेल किंवा मूल लंगडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जन्मतः आत वळलेल्या पावलाच्या बाबतीत तर दिवस घालवू नका. पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टरचे उपचार सुरू केले तर ते बहुधा सरळ होते. "ग्रहणाचा दोष" म्हणून आईला बोल लावीत बसलात, तर मोलाचे दिवस हातचे जातील.

पाऊल चालण्यासाठी आहे, शकुन पाहण्यासाठी नाही. आपल्या लेकींना धावू द्या, आणि सुनांच्या पावलांना नावे ठेवू नका, एवढी विनंती करून आपली रजा घेते.